काल्पनिक जंगलप्रदेश कसा उभा करावा: आधी पाऊस, मग पोट, नकाशा सगळ्यात शेवटी

कादंबरीसाठी असो की मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या टेबलटॉप गेमसाठी, बहुतेक जण सुरुवात नकाशाने करतात. मधोमध हिरवा ठिपका, त्याला एक गूढ नाव, आत धनुष्यबाण घेतलेली देखणी, दीर्घायुषी माणसं. ती खातात काय, मीठ कुठून आणतात, पावसाळ्यात चूल कशी पेटवतात, याचा पत्ता नसतो. 'आधी हजार वर्षांचा इतिहास लिहून काढा' हा सल्लाही सर्रास मिळतो, तोही खुशाल बाजूला ठेवा. अशा वह्यांमध्ये राजांची नावं भरपूर सापडतात आणि जंगल कुठेच सापडत नाही.

पाऊस आणि उतार

एक डोंगररांग घ्या आणि वारा कुठून येतो ते ठरवा. वाऱ्याकडच्या अंगाला पाऊस कोसळेल, पाठीमागे पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्या आत. म्हणजे दीड-दोन दिवसांच्या चालीत तीन वेगळी रानं मिळतात: माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा यांचं सदाहरित, मधे साग, ऐन, किंजळ यांचं पानझडी, खाली पळस, धावडा, खैर यांचं कोरडं. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत फुटून दोन होत नाहीत. जवळच्या समुद्राकडेच गेल्या पाहिजेत असंही नाही. कृष्णा पश्चिम किनाऱ्याच्या इतक्या जवळ उगम पावते आणि सगळं द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते.

अद्भुत नियम एकच

जादू हवीच, पण नियम एकच ठेवा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत ओढा. पुढच्या सगळ्या उदाहरणांसाठी 'काळवेल' नावाचा प्रदेश घेऊ. तिथला नियम असा: माथ्याच्या रानातल्या झाडाला लोखंड लागलं की ते सात दिवसांत वाळतं.

आता हिशेब करा. कोयता नाही, कुऱ्हाड नाही. बांबूची धार, दगड आणि विस्तव एवढ्यावर भागवायचं. चकमकीलाही पोलाद लागतं, म्हणून विस्तव बांबूवर बांबू घासून. वर येणाऱ्या बैलांचे नाल सीमेवर काढावे लागतात, म्हणजे सीमेवर नालबंद बसणार, त्याच्याभोवती बाजार भरणार, बाजार आला की जकात आली. आणि मूठभर खिळे खिशात घालून आलेला माणूस आठवड्याभरात अख्खी टेकडी उघडी करू शकतो. युद्धाचं कारण वेगळं शोधायची गरज उरली नाही. जो नियम असे चार-पाच परिणाम देत नाही, तो बदला.

माणसं: इथेच घोडं अडतं

वाईट सल्ला ठरलेला असतो: प्रत्येक जमातीला एक स्वभाव द्या. एक शूर, एक शांतताप्रिय, एक लोभी. असं केलंत की पुढच्या पन्नास पानांत प्रत्येक पात्र तो स्वभाव पाठ म्हणून दाखवतं. स्वभाव लिहूच नका. प्रत्येक समाजासाठी बारा महिन्यांची एक पट्टी आखा आणि प्रत्येक घरात लिहा: या महिन्यात रानातून काय मिळतं, कोण वेचतं, कुठल्या वेळी.

'मोहाची फुलं गोळा करतात' एवढ्यावर भागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह निष्पर्ण होतो आणि फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत बायका आणि मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली हवीत, कारण गुरं आणि अस्वलंही त्याच फुलांवर येतात. फिकट पिवळी, रसाळ फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा जाळतात. हे एवढं लिहिलंत की पहाटेचा प्रसंग, अस्वलाचा धोका आणि वणव्याचं कारण एकाच घरात येतं. मग एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता आणि मध, पावसाच्या तोंडावर राब भाजणं (रोपांच्या वाफ्यावर पाला-फांद्या जाळणं) आणि शेवळं ही रानभाजी, पावसाळ्यात खेकडे आणि रानभाज्या, थंडीत कंद.

इथे एक चूक हटकून होते. उपासमारीचा काळ लोक हिवाळ्यात टाकतात. तो बर्फाच्या देशांचा हिशेब आहे. मोसमी पावसाच्या रानात पोट आवळायचे महिने म्हणजे आषाढ-श्रावण: कणगी रिकामी, नवं धान्य शेतात हिरवं, ओढे भरून वाटा बंद, सरपण ओलं. तुमच्या प्रदेशात सावकार दाराशी यायचा तर तेव्हाच येईल. लग्नं, चढाया, यात्रा या महिन्यांत घातल्या की पट्टी फसली म्हणून समजा.

पट्टी भरली की दुसरा प्रश्न: यांना काय मिळतच नाही? इथे आकडे मांडावेच लागतात. माणसाला वर्षाला साधारण दोन किलो मीठ लागतं. दोनशे माणसांच्या गावाला चारशे किलो. ओझ्याचा बैल शंभरेक किलो वाहतो असं धरलं तर चार बैलांत गावाची वर्षाची सोय झाली. आता धान्य बघा. माणशी रोज अर्धा किलो म्हणजे वर्षाला छत्तीस हजार किलोंच्या वर, साडेतीनशेहून जास्त बैल. म्हणून मीठ बाहेरून येऊ शकतं, धान्य येऊ शकत नाही. ते उगवायचं किंवा त्याच्या जागी कंद-फळं वेचायची. जंगलात पाच हजार वस्तीचं शहर बसवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा. आणि चारच बैलांवर गाव अवलंबून असेल, तर ते बैल अडवणारा माणूस राजापेक्षा मोठा ठरतो. लोखंडाचंही तसंच. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड जातं, म्हणजे लोहार जिथे बसेल तिथलं रान विरळ होत जाणार.

तिसरा प्रश्न भांडणाचा. भांडण असं हवं की दोन्ही बाजूंचं बरोबर असेल. काळवेलमध्ये ते कारवीवरून लागतं. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळी एकदम फुलते. मुंबईजवळच्या डोंगरांत ती 2016 साली आणि मग 2024 साली फुलली. त्या वर्षी मध भरपूर. फुलून बी धरलं की झाड मरतं, आणि वाळक्या बोंडांतलं बी पुढचा पाऊस लागल्यावर तडकून बाहेर पडतं. मधल्या उन्हाळ्यात अख्खा उतार वाळक्या काटक्यांनी भरलेला असतो. त्याच उन्हाळ्यात खालचे लोक मोहाखालचा पाचोळा जाळणार. आग चढावर वेगाने धावते. माथ्यावरच्यांचा मध, घराच्या कुडाला लागणाऱ्या कारवीच्या काठ्या आणि पुढच्या खेपेचं बी एका रात्रीत जातं. पण पाचोळा जाळला नाही, तर खालच्यांचं तीन महिन्यांचं खाणं पाचोळ्यात कुजतं. दुष्ट कोणीच नाही आणि दर आठव्या वर्षी काठ्या-दगड निघतात. इतिहास हवा असेल तर याच हिशेबाने लिहा: 'दोन कारव्यांपूर्वीचा वणवा'. राजांच्या याद्यांपेक्षा हे लोकांच्या तोंडी खरं वाटतं.

आणखी दोन गोष्टी ठामपणे. एक, 'रानातली माणसं' म्हणून सगळ्यांना एक भाषा देऊ नका. एकट्या महाराष्ट्राच्या जंगलांत भिली आर्य कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविडी, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, आणि सातपुड्याच्या पायथ्याची निहाली तर कुठल्याच कुळात धड बसत नाही. तुमच्या तीन रानांत निदान दोन भाषा हव्यात, शिवाय बाजारात चालणारी एक मोडकीतोडकी तिसरी. दोन, खऱ्या आदिवासी समाजांचे देव, कुळं, अंत्यविधी उचलून नावं बदलून घालू नका. ते आळशीपणाचं आहे आणि अपमानकारकही. त्यांच्याकडून ऋतूंचा हिशेब, कामाची वाटणी, जंगलाचे नियम समजून घ्या; पोशाख आणि पूजा तुमची तुम्ही रचा.

मनाईची जागा

प्रत्येक गावाला एक द्या. देवराईत अनेक ठिकाणी वाळकं लाकूड किंवा पाचोळाही उचलत नाहीत. मनाई इतकी बारीक असली तरच ती मोडण्यात नाट्य येतं. तिच्या आत पाण्याचा झरा ठेवा, म्हणजे मनाई का टिकली हे वाचकाला न सांगता कळेल.

नावं

झाड, पाणी, उतार यांवरून, चार-पाच अक्षरी. जांभुळपाडा, पळसगाव, उंबरगाव ही घडण डोळ्यापुढे ठेवा. पाच जोडाक्षरांची नावं राजदरबारात शोभतात, गुराख्याच्या तोंडी बसत नाहीत.

आता नकाशा

अंतर किलोमीटरमध्ये नाही, चालीत मोजा. सपाटीला दिवसाला वीसेक किलोमीटर, घाटवाटेने त्याच्या निम्मं, आणि पावसाळ्यात ओढ्यांवरच्या वाटा साफ बंद. मग मिठागरापासून माथ्यापर्यंत मिठाचा एक बैल कागदावर चालवून बघा. प्रत्येक मुक्कामाला पाणी आणि चारा आहे का? नाल कुठे काढले, परतताना पुन्हा कुठे ठोकले, जकात कोणी घेतली, रिकामा बैल खाली काय घेऊन उतरला: हिरडा, मध, मेण? एखाद्या मुक्कामाला पाणी सापडलं नाही, तर तिथे ऐनवेळी ओढा काढू नका. गाव उचला आणि जिथे पाणी आहे तिथे नेऊन ठेवा.