अमेरिकेत शिकायला येताय? ही रोजची इंग्लिश आधी कानावर पडू द्या

फॉल सेमिस्टरला (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला) येणारी मुलं दरवर्षी हेच विचारतात, टोफेलचा (इंग्लिशच्या परीक्षेचा) स्कोअर चांगला आहे, सिनेमे सबटायटलशिवाय बघतो, मग तिथे बोलायला अडचण नाही ना येणार? थोडी येते, पण अडतात ती अगदी साधी वाक्यं, ज्यातला एकेक शब्द आपल्याला शाळेपासून माहितीये. मी मास्टर्स करताना युनिव्हर्सिटीच्या डायनिंग हॉलमध्ये काम करायचो (एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच करता येतं) आणि खरं सांगतो, इकडची बोली मी लेक्चरपेक्षा त्या काउंटरमागे जास्त शिकलो.

सगळ्यात आधी होकार-नकार नीट समजून घ्या. कॉफी हवी का विचारल्यावर समोरचा "आय ॲम गुड" म्हणाला तर त्याला नकोय. पिझ्झा खायला जायचं का विचारल्यावर "आय ॲम डाऊन" म्हणाला तर तो निघालाच समजा. "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" असं कोणी विचारलं आणि तुम्ही आपल्या सवयीने हसून "येस येस" म्हणालात तर तो गोंधळून जातो, तिथे "नो, गो अहेड" म्हणायचं. आणि थँक्यूला उत्तर म्हणून नुसतं "यू बेट" किंवा "अ-हं" (uh-huh) आलं तर तो उद्धटपणा नाही हां, इकडे तसंच बोलतात.

डायनिंग हॉलच्या दारात नवीन मुलं कार्ड स्वाइप करून तशीच उभी राहायची, कॅशियर बाई म्हणायच्या "यू आर ऑल सेट", तरी मुलं पावतीची वाट बघत उभीच, मागे लाइन वाढत चाललेली. ऑल सेट म्हणजे झालं तुमचं, जा आता. बँकेत, लायब्ररीत, डॉक्टरकडे सगळीकडे हेच ऐकू येईल. तसंच रेस्टॉरंटमध्ये वेटर येऊन "आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?" विचारतो, म्हणजे प्लेट उचलू का. बिलाला इकडे चेक म्हणतात.

घर शोधताना आकडे नीट ऐका. घरमालक फोनवर "फिफ्टीन फिफ्टी" म्हणाला की भाडं 1550 डॉलर. बक म्हणजे डॉलर, ग्रँड म्हणजे हजार. "क्वार्टर ऑफ सेव्हन" म्हणजे पावणेसात, हे बऱ्याच जणांना सव्वासात वाटतं आणि बस जाते.

ऑफिसात किंवा इंटर्नशिपला गेलात की बेसबॉल सुरू होतो. बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ अंदाज. "टच बेस करू" म्हणजे थोडं बोलून घेऊ. रेन चेक तर बेसबॉलच्या तिकिटातूनच आलंय, पावसाने मॅच थांबली की पुढच्या मॅचला चालेल अशी चिठ्ठी मिळायची, आता जेवायला बोलावलं आणि जमत नसलं की "रेन चेक देशील का" म्हणतात, म्हणजे पुन्हा कधीतरी. माझं म्हणणं, बेसबॉलचे जुजबी नियम एका वीकेंडला बघून घ्याच, फार उपयोग होतो. आणि मीटिंगमध्ये "लेट्स टेबल दिस" आलं तर विषय पुढे ढकललाय, ब्रिटिश वळणाच्या इंग्लिशमध्ये याचा अर्थ बरोब्बर उलटा, विषय चर्चेला घेऊ असा होतो.

आपली दोन वाक्यं मात्र विमानतळावरच सोडून या. "आय पास्ड आउट इन 2023" म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही बेशुद्ध पडला होतात, सरळ ग्रॅज्युएटेड म्हणा. आणि प्रोफेसरला "आय हॅव अ डाऊट" म्हणू नका, त्यांना वाटतं तुम्हाला त्यांचं म्हणणं पटलेलं नाही, क्वेश्चन म्हणा.

"वुई शुड हँग आउट समटाइम" याला आमंत्रण समजू नका, वार आणि वेळ ठरली तरच ते आमंत्रण. यात त्यांच्या मनात वाईट काही नसतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका, हवं तर तुम्हीच शनिवार सुचवा, बहुतेक जण आनंदाने येतात.

गावागणिक फरक आहेच. टेक्ससमध्ये "तुम्ही सगळे" म्हणायला यॉल, बॉस्टनकडे खूप म्हणायला विकेड, उत्तर कॅलिफोर्नियात हेला. कोल्ड्रिंकला शिकागोकडे पॉप म्हणतात, न्यूयॉर्कला सोडा.

राहिले रील्सवरचे शब्द, रिझ (समोरच्यावर छाप पाडायची कला, 2023 चा ऑक्सफर्डचा वर्ड ऑफ द इयर), नो कॅप (खरंच सांगतो), लिट (भन्नाट) वगैरे. समजून ठेवा, पण पहिल्या दिवसापासून बोलायची घाई करू नका. यातले नो कॅप, लिट असे बरेच शब्द कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आलेत, त्यांना त्यांचा इतिहास आहे, आणि रॅप गाण्यातले त्यांच्या वंशावरून शिवी म्हणून वापरले गेलेले शब्द तर आपण कधीच, अगदी गाणं गुणगुणतानाही तोंडातून काढायचे नाहीत. बोलायला सुरुवात माय बॅड (चूक माझी), साउंड्स गुड (चालेल), गॉचा (कळलं) यांनी करा, हे कोणाच्याही तोंडी शोभतात.

शब्द अडला तर तिथल्या तिथे "व्हॉट डज दॅट मीन?" विचारा, लोक हौसेने सांगतात. अर्बन डिक्शनरी या बोलीभाषेच्या वेबसाइटवर कोणीही काहीही लिहू शकतं, त्यामुळे तिथला अर्थ एकदा मेरियम-वेबस्टर या शब्दकोशात बघून मगच वापरा.