मॉनिटरिंग सर्व्हरवर पॅच मारण्याआधी : तयारीची यादी

वेब सर्व्हरवर पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) मारताना मॉनिटरिंग, म्हणजे सगळ्या सर्व्हरांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर, आपल्या पाठीशी असतं. काही बिघडलं तर दोन-तीन मिनिटांत मेसेज येतो. पॅच मॉनिटरिंगलाच मारायचा असतो तेव्हा मात्र पाठीशी कुणी नसतं. शिवाय ज्या बगसाठी हा पॅच आलाय, तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या आकड्यात दडलेला असतो ज्यावर आपण वर्षभर डोळे झाकून विसंबलेलो असतो. म्हणून या कामाची तयारी वेगळी करावी लागते. नागिऑस, झॅबिक्स, कॅक्टी यांपैकी तुमच्याकडे काहीही असो, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे. पॅचला हात लावण्यापूर्वी खरा आकडा स्वतः मोजा आणि लिहून ठेवा. तो हाताशी नसेल तर बग गेला की नुसता ग्राफ बदलला, हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

आधी रिलीज नोट बसून वाचा, आणि त्यातला कुठला बग आपल्या सेटअपमध्ये खरोखर आहे त्यावर खूण करा. पन्नास दुरुस्त्यांपैकी आपल्या कामाच्या दोन-तीनच असतात. लिनक्सच्या डेबियन किंवा रेड हॅट घराण्यातला सर्व्हर असेल तर नुसत्या आवृत्तीच्या नंबरावर जाऊ नका. हे लोक दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात, मूळ नंबर तोच राहतो आणि पुढची शेपटी तेवढी बदलते. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडून पाहिला तरच दुरुस्ती आली आहे की नाही ते कळतं. दुरुस्ती सुरक्षेची असेल तर ही सगळी यादी एका दिवसात उरका, शनिवारची वाट पाहू नका. कॅक्टीत 2022 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेला दोष आठवा. लॉगिन न करता बाहेरून सर्व्हरवर कमांड चालवता येत होती, 1.2.23 मध्ये तो बंद झाला, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा गैरफायदा घेणं सुरूही झालं होतं. मॉनिटरिंग सर्व्हरकडे सगळ्या मशिनींचे पत्ते असतात, बरेचदा पासवर्डही असतात. तो फुटला तर सगळंच उघडं पडतं.

आता खरा आकडा मोजण्याबद्दल. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण नेटवर्कच्या ग्राफमधला सगळ्यात जुना आणि अजूनही सापडणारा बग याच जातीचा आहे. एसएनएमपी म्हणजे डिव्हाइसकडून आकडे मागवण्याची ठरलेली पद्धत. तिच्यातला इंटरफेसचा (नेटवर्क पोर्टचा) जुना काउंटर 32 बिटांचा. 4,29,49,67,296 बाइट झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरून वाहणाऱ्या 1 गिगाबिटच्या लिंकवर हे साधारण 34 सेकंदांत होतं, 10 गिगाबिटवर साडेतीन सेकंदांच्या आत. आपलं पोलिंग (आकडा विचारण्याची फेरी) मात्र दर पाच मिनिटांनी. मधल्या वेळात काउंटर किती वेळा फिरला हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नसतो, ते फार तर एकदाच फिरला असं धरतं. हिशेब केला तर पाच मिनिटांच्या पोलिंगवर असा ग्राफ सेकंदाला 114 मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. आणि वाईट भाग असा की त्यापुढे तो 114 वर थांबतही नाही, खाली येतो. खरी रहदारी 140 असेल तर ग्राफ 25 दाखवतो.

मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. एका ठिकाणी दुपारी बारा-साडेबाराला ग्राफ रोज खाली यायचा. जेवणाची वेळ, म्हणून लोक उठून जात असतील, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं तर त्याच वेळी बॅकअपची मोठी कॉपी चालायची आणि लिंक सगळ्यात जास्त भरलेली असायची.

ते पकडण्याची रीत अगदी साधी. लिनक्स सर्व्हरवर /प्रॉक/नेट/डेव्ह (/proc/net/dev) ही फाइल उघडा, आपल्या इंटरफेसच्या ओळीतला आलेल्या बाइट्सचा आकडा उतरवून घ्या, बरोबर 60 सेकंदांनी पुन्हा पाहा. वजाबाकी करा, आठाने गुणा, साठाने भागा. आम्हाला त्या दुपारी फरक आला होता जवळपास 105 कोटी बाइटचा, म्हणजे 140 मेगाबिट. ग्राफवर त्याच मिनिटाला 25 च्या आसपास. चौसष्ट बिटी लिनक्स कर्नलमध्ये हा काउंटर 64 बिटांचा असतो, त्यामुळे ही फाइल विश्वासाची. अशी मोजणी दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी, निदान पाच महत्त्वाच्या इंटरफेसवर करा. वहीत तारीख, वेळ, इंटरफेसचं नाव, हाताने काढलेला आकडा आणि ग्राफवरचा आकडा असे पाच रकाने पुरतात.

बग हाच असेल तर पॅचसोबत आणखी तीन गोष्टी तयार ठेवा. पहिली, 64 बिटांचा काउंटर एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळतच नाही, निदान 2सी लागते. यादीतलं कोणतं डिव्हाइस अजून पहिल्या आवृत्तीवर आहे ते आधी शोधा, नाहीतर पॅच लागेल आणि नेमके तेच ग्राफ रिकामे होतील. दुसरी, जुन्या काउंटरवरून नव्यावर जाताना मधला फरक अवाढव्य निघतो आणि ग्राफवर आभाळाला टेकणारा एक सुळका उभा राहतो. तो वर्षभराच्या ग्राफमध्येही दिसत राहतो आणि बाकीची रेघ जमिनीला चिकटवतो. आरआरडी फाइलमध्ये (ग्राफचे आकडे हिच्यात साठतात) कमाल मर्यादा आधीच घालून ठेवली तर तो आकडा गाळला जातो. डेटा सोर्स बाइटचा असेल तर मर्यादाही बाइटमध्येच घाला, 1 गिगाबिटसाठी 12,50,00,000. इथे बिट आणि बाइटची गल्लत फार होते. तिसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात, ती म्हणजे थ्रेशोल्ड. वर्षभर खोट्या आकड्यांवर बसवलेल्या मर्यादा खऱ्या आकड्यांवर रात्रभर बोंबलत राहतात. 100 मेगाबिटला अलर्ट लावलेला असेल आणि खरी रहदारी रोजच 140 असेल, तर पॅच लागल्याक्षणी ऑनकॉलवाल्याचा फोन वाजायला लागेल आणि पॅचनेच काहीतरी बिघडवलं असं त्याला वाटेल. वहीतल्या मोजणीवरून नव्या मर्यादा आधी ठरवा. 10 गिगाबिटची लिंक 4.29 गिगाबिट म्हणून दिसत असेल तर तोही 32 बिटांचाच प्रताप. एसएनएमपीमधला लिंकचा वेग सांगणारा जुना आकडाही तेवढाच मोठा होऊ शकतो, आणि मग लिंक किती भरली त्याची टक्केवारी शंभराच्या वर जाते.

असाच दुसरा भाऊबंद म्हणजे अपटाइम, मशिन किती काळ सलग चालू आहे तो आकडा. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा 32 बिटी आकडा 497 दिवसांनी शून्यावर येतो आणि सर्व्हर रिस्टार्ट झाल्याचा अलर्ट येतो, सर्व्हर जागचा हललेला नसतानाही. यासाठी पॅच असेल तर कोणती मशिन 480 दिवसांच्या पुढे आहे ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तपासणी आपोआप होईल.

बॅकअपचं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. कॉन्फिगचं पूर्ण फोल्डर, स्वतः लिहिलेल्या चेक स्क्रिप्ट्स (या नेहमी भलत्याच फोल्डरमध्ये असतात), क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी आणि डेटाबेस. झॅबिक्समध्ये हिस्टरी आणि ट्रेंडची टेबलं प्रचंड असतात. वेळ कमी असेल तर कॉन्फिगची टेबलं वेगळी, आधी काढा. एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर उडी असेल तर नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होतानाच डेटाबेसचा आराखडा बदलतो, आणि मग मागे यायचा रस्ता फक्त बॅकअपमधून. तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून एकदा उघडून पाहा. आरआरडी फाइल्स 32 बिटी मशिनवरून 64 बिटीवर नेणार असाल तर नुसती कॉपी चालत नाही, आधी एक्सएमएलमध्ये डंप आणि पलीकडे रिस्टोअर. डिस्कवर जागा पाहताना आयनोडही (प्रत्येक फाइलला एक लागतो, आणि त्यांची संख्या ठरलेली असते) पाहा. हजारो छोट्या फाइल्सच्या सर्व्हरवर जागा असते आणि आयनोड संपलेले असतात. जुन्या आवृत्तीची पॅकेजेस आधीच उतरवून हाताशी ठेवा, कारण रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात) ती उद्या असतीलच असं नाही.

या यादीत माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे दुसरा डोळा. एकदा आम्ही रात्री मॉनिटरिंग बंद करून अपडेट चालू केलं. दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चाललं, आणि तेवढ्यात एका मेल सर्व्हरची डिस्क भरली. सकाळी लोकांनी फोन केले तेव्हा कळलं. त्या दिवसापासून माझा नियम आहे की पॅचच्या वेळी दुसऱ्या कुठल्यातरी मशिनवर एक साधी स्क्रिप्ट क्रॉनमधून दर मिनिटाला चालली पाहिजे. दहा महत्त्वाचे सर्व्हर पिंग करायचे, वेब आणि मेलचे पोर्ट उघडे आहेत का ते पाहायचं, डिस्क नव्वद टक्क्यांवर गेली का ते बघायचं आणि चुकलं तर मेल टाकायचा. ही स्क्रिप्ट आदल्या दिवशी चालवून पाहा, एखादा पोर्ट मुद्दाम बंद करून मेल येतो का तेही पाहा. मेल मात्र ज्या सर्व्हरवर लक्ष आहे त्याच्यामार्फतच जात नाही ना, एवढी खात्री करा.

वेळ निवडताना आरआरडीचा हार्टबीट (किती वेळ आकडा आला नाही तर तो गहाळ धरायचा, ती मुदत) लक्षात घ्या. पाच मिनिटांच्या पोलिंगला तो बहुतेक ठिकाणी 600 सेकंदांचा असतो. पोलिंग दहा मिनिटांहून जास्त बंद राहिलं की ग्राफमध्ये भोक पडतं आणि ते नंतर भरता येत नाही. भोक पडणारच असेल तर लोकांना आधी सांगून ठेवा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीत असेल तर चेंज रिक्वेस्टमध्ये दोन्ही वेळा लिहा. आपल्याकडचे रविवारी पहाटेचे 2 म्हणजे तिथे शनिवारचे 20:30, आणि या एका तारखेच्या फरकावरून चुकीच्या रात्री मेंटेनन्स लावलेला मी पाहिला आहे.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आहेत, पण घात त्याच करतात. पिंगसाठी एफपिंग (अनेक मशिनी एकदम पिंग करणारं साधन) वापरात असेल तर त्याच्या परवानग्या आत्ताच पाहून लिहून ठेवा. फाइल बदलली आणि कच्चा सॉकेट (पिंग पाठवायला तो लागतो) उघडायचा अधिकार गेला की एका क्षणात सगळे सर्व्हर मेलेले दिसतात. एसईलिनक्स (लिनक्समधला जादा सुरक्षेचा पहारा) चालू असेल तर त्याने काय अडवलं ते सांगणारा ऑडिट लॉग दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा. झॅबिक्सची स्वतःची रिपॉझिटरी आणि ईपेल (रेड हॅट घराण्यासाठीची जादा रिपॉझिटरी) दोन्ही चालू असतील तर ईपेलमधून झॅबिक्स वगळा, नाहीतर भलतंच पॅकेज येऊन बसतं. झॅबिक्सचा सर्व्हर आणि प्रॉक्सी (सर्व्हरच्या वतीने आकडे गोळा करणारा) एकाच आवृत्तीचे ठेवा, मशिनींवर बसवलेले जुने एजंट चालून जातात. कॉन्फिग फाइल बदलू का असं पॅकेज विचारेल तेव्हा आपली फाइल राखायची आणि नवी शेजारी ठेवून फरक नंतर निवांत पाहायचा. आणि सगळं टीमक्समध्ये चालवा. घरचं इंटरनेट मध्येच गेलं तरी अपडेट अर्ध्यात तुटत नाही.

अलर्ट एसएमएसने जात असतील तर आपल्याकडे आणखी एक काम आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार अशा एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदवावा लागतो, आणि नोंदवलेल्या नमुन्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. नव्या आवृत्तीने अलर्टच्या मजकुरात एखादा शब्द जरी बदलला, 'प्रॉब्लेम'च्या आधी वेळ टाकली किंवा सर्व्हरचं लांबलचक नाव घातलं, तर मॉनिटरिंगच्या लॉगमध्ये मेसेज गेलेला दिसतो आणि फोनवर काहीच येत नाही. टेस्ट मशिनवर नव्या आवृत्तीचा मजकूर काढून नमुन्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. बदल लागणार असेल तर नवा नमुना काही दिवस आधी टाका, मंजुरीला वेळ जातो.

प्रत्यक्ष रात्री अलर्ट सरसकट बंद करू नका, मेंटेनन्स (ठरावीक वेळेपुरते अलर्ट थांबवणारी सोय) लावा आणि त्याला शेवटची वेळ द्या. बंद केलेले अलर्ट चालू करायचे राहून जातात. नागिऑस असेल तर रिस्टार्टच्या आधी कॉन्फिग तपासायची कमांड चालवा. सेवा वर आली की पहिलं काम खोटा बिघाड करायचं. एका बिनकामाच्या सर्व्हरवर एखादी सेवा बंद करा, फोनवर मेसेज येईपर्यंत घड्याळ लावून बसा, मग सेवा चालू करा आणि ठीक झाल्याचा मेसेजही येऊ द्या. त्यानंतर वही काढा. त्याच पाच इंटरफेसवर, त्याच रीतीने, हाताने मोजा आणि ग्राफशी ताडा. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पुन्हा एकदा, कारण बग गर्दीच्या वेळीच दिसतो. दुसरा डोळा निदान आठवडाभर तसाच चालू ठेवा, लॉग रोटेट होऊन (जुना बाजूला पडून नवा सुरू होऊन) सेवा एकदा रीलोड होऊ दे.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. जुना डेटा पॅचने दुरुस्त होत नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी वर्षाचा ग्राफ घेऊन येईल आणि रहदारी एका रात्रीत पाचपट कशी झाली, नवी लिंक घ्यावी का, असं विचारेल. म्हणून पॅच लागल्याची तारीख आणि वेळ ग्राफच्या वर्णनातच लिहून ठेवा, सोबत एक ओळ: या तारखेआधीचे आकडे 32 बिटी काउंटरचे आहेत, लिंकच्या खरेदीसाठी वापरू नयेत.