एकट्याने तीन पात्रे: व्हिक्टोरियन धाटणीचे झटपट वेशांतर कसे बसवावे

१८५० च्या दशकात लंडनच्या पॉलिग्राफिक हॉलमध्ये डब्ल्यू. एस. वुडिन हा नट एकामागून एक पात्रे होऊन एकटाच अख्खी संध्याकाळ रंगवायचा. नाटकगृहाची पायरी चढायला कचरणारी कुटुंबेही अशा करमणुकीला निःसंकोच येत. हा प्रकार आज पाच-सात मिनिटांत बसवता येतो आणि बसवावाच, इतका तो नटाला घडवतो.

सुरुवातीला तीन पात्रे पुरेत. ती शेवटच्या रांगेतूनही नुसत्या आकृतीवरून वेगळी दिसावीत: एक कमरेत वाकलेले, एक छाती काढून चालणारे, एक सतत लगबगीत. चेहरा रंगवायला वेळ मिळत नाही. टोप, टोपी आणि चष्मा यांवरच भिस्त ठेवा.

मग कपडे. अंगात घट्ट काळा सदरा-विजार कायम ठेवा. वरचा प्रत्येक पोशाख अखंड शिवून घ्या. सदरा, जाकीट, गळ्याचा रुमाल सगळे एकमेकांना टाचलेले आणि उघडे फक्त पाठीकडून. पुढून हात घातले की काम झाले. वेल्क्रो सोयीचा, पण सोडताना मोठा आवाज करतो; शांत प्रसंगात हूकच बरे. पडद्याआड कपडे घालायच्या क्रमाने मांडा, टोप सर्वांत शेवटी. कपडेपट सांभाळणारा एक विश्वासू माणूस सोबत हवाच.

खरी कसोटी आवाजाची. इथे घाई करू नका. पात्र विंगेत गेले तरी त्याचे बोलणे थांबता कामा नये. ते आतून कुरकुरत राहते, तेवढ्यात दुसरा आवाज त्याला उत्तर देतो, दोघांची जुंपते, आणि भांडणातला दुसराच माणूस बाहेर येतो. प्रेक्षकांच्या मनात नवे पात्र कपड्यांआधीच उभे राहिलेले असते. म्हणून संहिता लिहिताना पडद्याआडची वाक्ये सर्वांत आधी लिहा.

गुपित फुटेल ही भीती सोडा. १८९७ मध्ये लंडनचे अल्हाम्ब्रा नाट्यगृह गाजवणाऱ्या लिओपोल्डो फ्रेगोली या इटालियन वेशांतर-नटाने आपले पडद्यामागचे वेशांतर स्वतःच चित्रफितीवर घेऊन लोकांना दाखवले होते.

तालमीत आधी फक्त कपडे बदला, मग बोलत बदला, शेवटी अंधारात. एखादा बदल संवादात मावत नसेल, तर हात घाईने चालवण्यापेक्षा पडद्याआडचे एक वाक्य वाढवा.