मोठ्या जातीचे पिल्लू घरी आणण्यापूर्वीची तयारी

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा ग्रेट डेन यांपैकी एखादे पिल्लू आणायचे ठरले की बहुतेक घरांत पट्टा, साखळी आणि भांडी यांची खरेदी आधी होते. वास्तविक पहिले काम तारखा मांडून घेण्याचे आहे, कारण माणसे, जनावरे आणि आवाज यांना पिल्लू सहजपणे आपलेसे करते तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचाच असतो आणि तो संपतो तेव्हा लसीकरण अजून पुरे झालेले नसते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. तेव्हा लवकर लळा लागेल असे सांगून पाच आठवड्यांचे पिल्लू कोणी गळ्यात मारू लागल्यास त्याला स्पष्ट नकार द्यावा. दातांचा जोर कुठे आवरायचा हे पिल्लू त्या आठवड्यांत आई आणि भावंडांकडूनच शिकते. सेंट बर्नार्ड किंवा हस्की यांचा विचार मराठवाड्यातील उन्हाळा पाहता करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिल्लू येण्यापूर्वीच पशुवैद्यक ठरवून ठेवावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे त्या परिसरातील लोकांना गुंतागुंतीच्या आजारात फार लांब जावे लागत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, असा सर्वसाधारण क्रम असतो. जंतनाशक आणि गोचिडांवरील औषध वजन करूनच, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराच्या धास्तीने पिल्लू चार महिने घरात कोंडून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. मोकाट कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला उतरवू नये, पण कडेवर घेऊन बाहेर अवश्य न्यावे. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कडेला सकाळी दहा मिनिटे त्याला उचलून उभे राहिले तर पोती उतरवणारे हमाल, फेटे आणि पदर घेतलेली माणसे, ट्रॅक्टर, हातगाडे, शेळ्या हे सारे एकाच जागी दिसते. कान मागे गेले, शेपूट पोटाखाली आली किंवा एरवी आवडीचा खाऊ त्याने नाकारला, तर दहा पावले मागे सरकावे. धीट होईल म्हणून त्याला गर्दीत पुढे रेटू नये. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याची भेट घरच्या अंगणात घडवता येते.

घरातली तयारी थोडक्यात सांगता येईल. गुळगुळीत फरशीवर वाढत्या सांध्यांना घसरण सोसत नाही, म्हणून त्याच्या वावराच्या जागी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे आणि माळवदाचा किंवा गच्चीचा जिना अडवावा. केवळ दूध-भाकरीवर या जातींची वाढ नीट होत नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचा आहार द्यावा आणि वर कॅल्शियमचे औषध मनाने सुरू करू नये, कारण कोवळ्या वयात आतड्यातून जादा कॅल्शियम शोषले जाणे शरीराला रोखता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते.

शिकवणीच्या बाबतीत घरातील सर्वांनी एकत्र बसून काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी ठरवावे, कारण सात किलोचे पिल्लू अंगावर झेपावते तेव्हा सगळे हसतात आणि तेच सहा महिन्यांनी, पंचवीस-तीस किलोचे होऊन, आजींना ओसरीवर पाडते. चारही पाय जमिनीवर असतानाच हात फिरवायचा, हा नियम पाहुण्यांनाही सांगावा. हाताला दात लावल्यास मारू नये, ओरडूही नये. खेळ थांबवून हात काढून घ्यावा आणि चघळण्याची वस्तू पुढे करावी. रोज निवांत वेळी पंजा हातात घ्यावा, बोटांमधली जागा उघडून पाहावी, कानाची पाळी उलटावी, ओठ वर करून दात पाहावेत आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा द्यावा. पुढे नखे कापताना किंवा गोचीड काढताना तीन माणसांनी त्याला दाबून धरण्याची वेळ येत नाही. ते जेवत असताना भांडे ओढून घेऊ नये, उलट जवळून जाताना त्यात काहीतरी चांगले टाकावे. गळ्यातला पट्टा ताणला की थांबायचे, सैल पडला की चालायचे, ही सवय पहिल्याच आठवड्यात अंगणात लावता येते.

राखणीसाठी कडक व्हावे म्हणून पिल्लू आखाड्यावर, म्हणजे शेतातील गोठ्यापाशी, साखळीने बांधून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. अशा कुत्र्याला सालगड्याखेरीज माणूस माहीत नसतो, आणि ते भीतीपोटी कोणालाही चावते. त्याला राखण म्हणता येत नाही. आखाड्यावर न्यायचेच असेल तर बैल आणि वासरांची ओळख दावणीपासून अंतर राखून, पट्टा हातात धरून करून द्यावी.

आवाजांची तयारी सणांचे दिवस पाहून करावी. पोळ्याच्या घुंगरांपासून गणपतीतील ढोल-ताशापर्यंत आणि पुढे दिवाळीपर्यंत फार थोडे आठवडे मिळतात. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण जेवणाच्या वेळी अगदी हळू लावावे आणि पिल्लू खाणे न सोडता ऐकत असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवावा. प्रत्यक्ष लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणावे आणि आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, कूलर किंवा पंखा चालू ठेवून घरातील एकाने त्याच्याजवळ बसावे. ते कोण बसणार, हेही आधीच ठरवावे.