मोटरहोम निवडताय? या चुका टाळा

डिचोलीत आमच्या अंगणात मोटरहोम मुक्कामाला थांबतात. हीच गाडी का निवडली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘यात सहाजण झोपतात.’ गोव्यात फिरायचं असेल तर आधी गाडीचं शेपूट मोजा, पलंग मागाहून.

शेपूट म्हणजे मागच्या चाकामागे लोंबणारा भाग. साध्या व्हॅनमध्ये संसार बसवलेल्या कॅम्परला तो बेताचा असतो. केबिनच्या डोक्यावर बिछाना असलेल्या गाडीत मागे संडास-मोरी काढायची म्हणून तो वाढतो, आणि बसच्या चासीवरच्या मोठ्या गाडीचं तर विचारूच नका. नियमाने तो व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, 60 टक्क्यांपर्यंत चालतो, पण फेरीबोटीच्या धक्क्याला नियम कळत नाही.

पुण्याचं एक कुटुंब अशीच डोक्यावर बिछान्याची गाडी भाड्याने घेऊन आलं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटामार्गे नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जायचं होतं. मी सोबत होतो. दिवाडीला उतरताना पूर्ण ओहोटी, धक्का चांगलाच उभा. म्हटलं, ‘काका, पाणी चढू दे, मग उतरवू.’ काका म्हणाले, ‘अहो, पुढच्या दोन गाड्या उतरल्या की!’ त्या छोट्या मोटारी होत्या. पुढची चाकं धक्क्यावर चढली, शेपूट खाली टेकलं आणि सांडपाण्याचा पाइप मुळासकट उपटला. मोरीचं पाणी बोटीवर, मागे गाड्यांची रांग, आणि काकू देवदर्शनाऐवजी बादली घेऊन उभ्या. अर्धा तास वाचवायचा होता. दोन दिवस गॅरेजमध्ये गेले. ही घाई पाहून मला खरंच राग येतो. मी गाडीत मोजायची फीत ठेवतो, आणि उताराआधी कुणाला तरी खाली उतरवून बाजूने बघायला लावतो.

दुसरी चूक एसीची. ‘बॅटरीवर रात्रभर चालतो’ हे विकणाऱ्याचं बोलणं कागदावर तपासा. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण 1500 वॅट ओढतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1800 वॅट-तास असतात, आणि साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास. मे महिन्यातल्या दमट रात्री बाहेरून वीज जोडता येईल अशीच जागा धरा. नाहीतर समोरासमोर खिडक्या आणि छताला पंखा असलेली गाडी घ्या. मला तीच बरी वाटते.

100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. चोर्ला घाट उतरायचा असेल तर टाकी भरून आणू नका, इथे पाणी मिळतं.

जुन्या टेम्पोत पलंग वेल्डिंग करून ‘मोटरहोम’ बनवणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचावं. आरटीओच्या मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही.

किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक नको; गोव्याच्या पर्यटनस्थळांच्या कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून पर्यटनस्थळी त्याला बंदी आहे.

मागे ओढायची कॅरव्हान स्वस्त पडते, पण रिव्हर्स पक्का येईपर्यंत वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, वाटेला आणू नका. वळायला जागा थेट देवळापुढेच मिळते.