१८ मिलिमीटरचा उतार

मुंबईत राहून विमान बांधतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: जागा कुठाय? कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान उभं केलं, २०१६ साली बीकेसीच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. तेव्हा जागेचं रडगाणं मला सांगू नका. मुलुंडच्या एका गाळ्यात मित्राच्या विमानाच्या लाकडी पंखाची प्लाय जोडायचं काम माझ्याकडे आलं. त्यात लागलेल्या ठेचा लिहून ठेवतो.

ही प्लाय बर्चची, तीन थरांची, जेमतेम दीड मिलिमीटर जाड. फर्निचरची प्लाय इथे चालत नाही. कडेला कड भिडवून चिकटवली तर सांधा ताण घेत नाही. म्हणून दोन्ही कडा तिरप्या तासून एकीवर एक चढवायच्या. हाच स्कार्फ सांधा. उताराची लांबी जाडीच्या बारापट, म्हणजे आपल्याकडे १८ मिलिमीटर.

प्लायचे दोन्ही पत्रे सपाट फळीवर एकावर एक ठेवा, वरचा १८ मिलिमीटर मागे सरकवा, शिकंजे (क्लॅम्प) आवळा आणि दोन्हींवरून एकच उतार काढा. आधी छोटा रंधा, शेवटी लाकडी ठोकळ्याला लावलेला ८० नंबरचा पॉलिश पेपर. शेवटची कड कागदासारखी पातळ होते आणि रंध्याला धार नसेल तर फाटते. माझी पहिली कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. शेजारचे मेस्त्रीकाका, मूळचे कणकवलीचे, बघून एवढंच म्हणाले, "घाई कित्याक करतंस? आधी धार लाव."

उतार बरोबर आलाय का, हे मोजपट्टीपेक्षा प्लायच सांगते. तासताना थरांमधल्या गोंदाच्या रेषा वर येतात. त्या सरळ आणि समांतर दिसल्या की उतार जमला. रेष कुठे वळली, तर तिथे खड्डा आहे किंवा उंचवटा. मी गाळ्यातला दिवा बंद करून टॉर्च आडवा धरतो. संपूर्ण कामात मला सगळ्यात आवडणारी पाच मिनिटं हीच.

चिकटवायला आम्ही एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद, वापरलं. तासलेल्या कडेवर तंतूंची तोंडं उघडी असतात, ती गोंद पितात. त्यामुळे आधी पातळ हात, थोडं थांबून दुसरा. वरखाली प्लास्टिक, त्यावर सरळ फळी, आणि शिकंजे बेताने. जास्त आवळलं तर एपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. आवळताना पत्रे सरकतात, म्हणून सांध्याबाहेर दोन बारीक खिळे ठोका. मे महिन्यात मिश्रण मगात ठेवू नका, आपल्याच उष्णतेने ते लवकर घट्ट होतं. पसरट ताटलीत ओता.

पावसाळ्यातला ओलावा मात्र गांभीर्याने घ्या. १९४४ मध्ये भारतात आलेल्या मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांचे सांधे सुटू लागले आणि ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. माझी चूक त्यामानाने किरकोळ: जुलैमध्ये कडा तासल्या आणि दोन दिवस तशाच उघड्या ठेवून मग चिकटवल्या. आता तासतो त्याच दिवशी चिकटवतो, आणि घामाचा हात लावत नाही.

ती चूक कळली नमुन्यामुळे. प्रत्येक सांध्याबरोबर त्याच मिश्रणाची एक अरुंद पट्टी जोडा आणि पूर्ण वाळल्यावर वाकवून मोडा. लाकूड फाटून दोन्ही बाजूंना तंतू चिकटलेले दिसायला हवेत. जुलैची माझी पट्टी सांध्यातच सुटली, काचेसारखी गुळगुळीत. तिच्या जोडीचा पत्रा मी त्याच संध्याकाळी सांध्यावर कापून टाकला.