हवाई लढाईच्या हकिगती वाचताना शत्रूचं विमान ओळखायचंय? या चुका टाळा

१९४० साली ब्रिटनवरच्या हवाई लढाईत रॉयल एअर फोर्सच्या अनेक वैमानिकांनी ‘हाइन्केल ११३’ नावाचं जर्मन लढाऊ विमान पाहिलं, त्याच्याशी झुंजले आणि काहींनी ते पाडल्याचंही लिहून दिलं. असं विमान जर्मन वायुदलाच्या एकाही स्क्वाड्रनकडे नव्हतं. हाइन्केल १०० या थोडक्याच बनलेल्या विमानांवर निरनिराळ्या तुकड्यांची खोटी चिन्हं रंगवून जर्मन प्रचारखात्याने फोटो प्रसिद्ध केले होते. ब्रिटिशांचा त्यावर विश्वास बसला, वैमानिकांना तशी सूचना गेली आणि आकाशात तेच दिसू लागलं. बहुतेक वेळा समोर असायचं ते मेसरश्मिट १०९. सोव्हिएत संघाने तर हाइन्केल १००ची काही विमानं युद्धापूर्वी विकत घेऊन तपासली होती, तरी १९४१ नंतर त्यांच्या वैमानिकांच्या अहवालांतही हे ‘११३’ येतच राहिलं.

त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक ही: अहवाल त्याच दिवशीचा आहे, खुद्द वैमानिकाने लिहिलाय, मग त्यातलं विमानाचं नाव बरोबरच असणार असं धरून चालणं. दोन विमानं ताशी ५०० किलोमीटरने समोरासमोर येत असतील, तर दीड किलोमीटरचं अंतर साडेपाच सेकंदांत संपतं. तेवढ्यात डोळ्यांना कळतं ते एवढंच: इंजिन एक की दोन, नाक टोकदार की बोथट, पंखांची टोकं गोल की छाटलेली. नाव त्यानंतर चिकटतं, आणि ते बहुधा उड्डाणाआधी कानावर पडलेल्या नावांपैकीच असतं. म्हणून हकिगत वाचताना वर्णन आणि नाव वेगवेगळं टिपून ठेवा. वैमानिकाने फक्त नाव लिहिलं असेल आणि वर्णन काहीच नसेल, तर त्या नावावर फार भार टाकू नका.

‘झीरो’ दिसला की थांबा

बर्मा आणि चीनमध्ये चीनच्या बाजूने लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांच्या हकिगतींत पानोपानी झीरो भेटतो. झीरो हे जपानी नौदलाचं विमान. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर आली ती लष्कराच्या हवाई दलाची विमानं: नाकाजिमाचं की-२७ आणि नवंकोरं की-४३ हायाबुसा. इथे पहिला प्रश्न विमानाच्या आकाराबद्दल विचारूच नये. त्या आघाडीवर, त्या महिन्यात, शत्रूचं नेमकं कोणतं दल तैनात होतं, हे आधी शोधावं. निम्मे झीरो इथेच गळतात.

उरलेल्यांसाठी खुणा आहेत. की-२७ ची चाकं आत घेता येत नसत, ती उड्डाणातही खाली दिसत. की-४३ मात्र बाह्याकृतीने झीरोसारखंच दिसे, फरक शस्त्रांत. झीरोच्या पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा, तर की-४३ कडे फक्त नाकावरच्या दोन मशिनगन. विमान परतल्यावर त्याला पडलेल्या भोकांची नोंद कुणी केली असेल, तर ती वैमानिकाच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

याच्या उलटही झालंय. झीरोच्याच एका आवृत्तीची पंखांची टोकं छाटलेली होती, तर दोस्त राष्ट्रांनी तिला वेगळं विमान समजून वेगळं सांकेतिक नाव दिलं: आधी ‘हॅप’, मग ‘हॅम्प’. कावासाकीचं की-६१ समोर आलं तेव्हा ते जर्मन किंवा इटालियन असावं असं वाटलं. ‘टोनी’ हे इटालियन वळणाचं सांकेतिक नाव त्याच गैरसमजातून आलं.

प्रतिष्ठेच्या विमानाने पाडलं

१९४० मध्ये ब्रिटनकडे स्पिटफायरपेक्षा हरिकेनच्या स्क्वाड्रन जास्त होत्या. तरी जर्मन वैमानिकांच्या कथनांत पाडणारं विमान बहुधा स्पिटफायरच. हरलोच तर तोलामोलाच्या विमानाकडून, ही भावना माणसाला सोडत नाही.

वैमानिकाला खोटं पाडण्याची घाई

एवढं वाचून काही जण प्रत्येक विचित्र अहवाल मोडीत काढायला लागतात. सप्टेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश वैमानिक सांगू लागले की फ्रान्सवर बोथट नाकाचं, रेडियल (म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेल्या) इंजिनाचं, फार चपळ जर्मन विमान भेटतंय. फ्रेंचांकडून हाती लागलेली अमेरिकी बनावटीची कर्टिस हॉक असतील, असा सुरुवातीला अंदाज बांधला गेला. ते फोके-वुल्फ १९० होतं. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्रीच्या धावपट्टीवर उतरला, तेव्हा एक अख्खं विमान ब्रिटिशांच्या हातात आलं. या प्रकरणात वैमानिकांनी नाव सांगितलं नव्हतं, वर्णन दिलं होतं. ते बरोबर होतं.

एकाच विमानाची दोन नावं

बीएफ १०९ आणि एमई १०९ ही एकच, दोन्ही म्हणजे मेसरश्मिट १०९. स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूचे लोक सोव्हिएत आय-१५ ला ‘कर्टिस’ आणि आय-१६ ला ‘बोइंग’ म्हणत. त्यावरून तिथे अमेरिकी विमानं होती असा निष्कर्ष काढू नका. १९७१ च्या भारतीय कथनांतलं मिग-१९ आणि पाकिस्तानी कथनांतलं एफ-६ हेही एकच, चीनमध्ये बनलेलं. तेच विमान सप्टेंबर १९६५ च्या हकिगतीत दिसलं तर मात्र हकिगतच तपासा. तेव्हा ते पाकिस्तानी वायुदलात आलेलंच नव्हतं.

आपलंच विमान विसरणं

६ सप्टेंबर १९३९ ला स्पिटफायरनी आपल्याच दोन हरिकेन पाडल्या आणि एक वैमानिक मेला. पुढे टायफून विमान फोके-वुल्फसारखं दिसतं म्हणून त्याच्या पंखांखाली काळे-पांढरे पट्टे रंगवावे लागले. अमेरिकन मस्टँगची गल्लत १०९ शी होई. त्यावरही पांढरे पट्टे आले. त्यामुळे ‘चौकोनी पंखांचं १०९’ पाडल्याचा दावा असेल आणि जर्मन नोंदींत त्या दिवशी तिथे काहीच गमावलेलं नसेल, तर दोस्तांच्या नुकसानीच्या याद्याही चाळा.

याद्या जुळवताना घड्याळाकडे लक्ष असू द्या. जपानी सैन्य दूरच्या बेटांवरही टोकियोची वेळ वापरत असे, आणि जर्मन व ब्रिटिश घड्याळांतही युद्धाच्या काही काळात तासाचा फरक होता. वेळ जुळत नाही म्हणून सोडून दिलेली चकमक कधीकधी आपण शोधत असलेलीच असते.

लिहिताना अवतरणातला शब्द बदलू नका. वैमानिकाने ‘झीरो’ म्हटलं असेल तर अवतरणात झीरोच राहू द्या आणि पुढच्या वाक्यात ते की-४३ का असावं ते सांगा. जुन्या आठवणींच्या नव्या आवृत्त्यांत असे बदल गुपचूप झालेले असतात, तेव्हा शक्य असेल तिथे पहिली आवृत्ती मिळवा. दोन्ही बाजूंच्या नोंदी तपासूनही काही ठरलं नाही, तर ‘एका इंजिनाचं लढाऊ विमान, प्रकार अनिश्चित’ असं लिहायला हरकत नाही.